शेवटच्या टाक्यानंतर

भरतकाम शिकवणारी माणसं टाके शिकवतात. साखळी, काजटाका, गाठीचा टाका, काश्मिरी, कर्नाटकी. शेवटचा टाका घातला, दोरा कापला, की शिकवणी संपते. पुढची वीस-तीस वर्षं त्या कापडाचं काय होतं याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. मी हौसेने भरणारी बाई. आधी नोकरी सांभाळून भरत होते, आता निवृत्तीनंतर निवांतपणे भरते. मी आणि माझ्या आधीच्या बायकांनी पुरी केलेली पुष्कळ कामं आमच्या घरात आणि नात्यागोत्यात आहेत. त्यातलं काय टिकलं, काय विटलं, काय अजून रोज वापरात आहे आणि काय माळ्यावर गेलं, हे बघता बघता काही गोष्टी मनाशी पक्क्या झाल्या. त्याच इथे सांगते. नवे टाके शिकायचे असतील तर या लेखाचा उपयोग नाही.

1. आधी जागा ठरवायची, मग नक्षी.

आमच्या पिढीच्या रुखवतात टीव्हीचं कव्हर असायचंच. केसमेंटवर मोरांची जोडी आणि कडेने झालर. शिवाय मिक्सरचं कव्हर, टेलिफोनखालचा रुमाल, फ्रिजच्या मुठीला झबलं. हे भरायला महिनोन् महिने गेले, आणि पेटीसारखा टीव्ही घरातून गेला त्या दिवशी मोरांची जोडी बेघर झाली. भिंतीला चिकटलेल्या टीव्हीला कव्हर कसलं घालणार? त्याच रुखवतातले टेबलक्लॉथ, उशांचे अभ्रे, ताटावर झाकायचे रुमाल मात्र अजून चालू आहेत, कारण टेबल, उशी आणि ताट यांची मापं फारशी बदलत नाहीत. म्हणून यंत्राच्या मापाचं काही भरू नये. मोबाइलचा बटवा तर मुळीच नको. बटवा पुरा होईतो नवा, मोठा फोन आलेला असतो.

आमच्या जाऊबाईंनी मोर वाचवले, हेही सांगायला हवं. कव्हरची समोरची बाजू कापून त्यांनी ती खुर्चीतल्या उशीवर लावली. पण नक्षी एका चौकटीत बसलेली असेल तरच असं वाचवता येतं. चारी बाजूंना वेल पसरलेली असली की कात्री कुठून चालवायची?

2. कापडावर कंजुषी नको, आणि कापडाच्या मापावर तर अजिबात नको.

फुलीच्या टाक्यासाठी आपल्याकडे घरोघर मॅटी वापरली गेली. मॅटी आणि दोसुती दोन्ही दणकट आणि धुवायला सोपी. पण मॅटीची एक खोड आहे. तिचे उभे आणि आडवे धागे इंचाला सारखे असतीलच असं नाही. मग गोल फूल लंबगोल होतं आणि हत्ती बसका दिसतो. दुकानात उभ्या उभ्या पट्टी लावून दोन्ही दिशांचे धागे मोजायला लाजू नये. दुकानदार हसतो, हसू दे. ही कटकट नको असेल तर आयडा घ्या. त्यात चौकोनी घरं विणलेलीच असतात, इंचाला 11, 14, 16 किंवा 18. आकडा मोठा तितकं काम बारीक.

हिशेब सोपा आहे. नक्षी 140 टाके रुंद आणि 112 टाके उंच असेल, तर 14 घरांच्या आयडावर ती 10 इंच बाय 8 इंच होते. चारी बाजूंना 3 इंच सोडायचे, म्हणजे तुकडा 16 बाय 14 इंचांचा हवा. हे 3 इंच लोकांना उधळपट्टी वाटते. पण फ्रेम करायच्या वेळी कापड पुठ्ठ्यामागे वळवायला जागा उरली नाही, की फ्रेमवाला कडेचे टाके काचेच्या चौकटीखाली ढकलतो आणि वेलीची टोकं कायमची गडप होतात.

पॉपलीन, केसमेंट किंवा मांजरपाट घेतलं तर आधी रात्रभर भिजवून आटवून घ्या. मांजरपाट तर चांगलंच आटतं. भरून झाल्यावर कापड आटलं आणि दोरा आटला नाही, तर टाक्यांभोवती चुण्या पडतात. त्या कुठल्याही इस्त्रीने जात नाहीत.

3. दोरा हातभरच घ्यावा.

लडीतला दोरा सहापदरी, आणि लडी साधारण 8 मीटरची. आपली नेहमीची अँकर घ्या किंवा 1746 पासून चालत आलेली फ्रान्सची डीएमसी घ्या, हे गणित सारखंच आहे. सहाच्या सहा पदरांनी भरलेलं काम पहिल्या दिवशी भरगच्च दिसतं, पण दोन धुण्यांनंतर जाडंभरडं. 14 घरांच्या आयडावर दोन पदर पुरतात, कडेच्या बारीक रेघेला एक. पदर काढताना दोघांची जोडी एकदम ओढू नये. एकेक सुटा ओढून काढावा आणि मग दोन जोडावेत. पीळ निघतो, पदर शेजारी शेजारी झोपतात आणि कापड नीट झाकलं जातं.

लांब दोरा घेणारी बाई आळशी, असं आमच्या आत्या म्हणत. आळसाचं मला माहीत नाही, पण दोरा प्रत्येक टाक्याला कापडातून घासत जातो. सुईच्या नेढ्यापाशी त्याची झीज सगळ्यात जास्त होते. फार लांब दोरा घेतला की सुरुवातीचं पान तुकतुकीत आणि शेवटचं पान केसाळ, असा फरक त्याच फांदीवर दिसतो. सुती दोऱ्याची ती चकाकी त्याच्यावर केलेल्या प्रक्रियेची असते, आणि घासून गेली की परत येत नाही. जर घेतली तर वीत-दीड वीत बस.

लडीवरची नंबराची कागदी पट्टी जपून ठेवायची. पुण्यात बोहरी आळीत जाऊन ‘तो जरा गुलाबीसर लाल द्या’ म्हणालात तर दुकानदार दहा लाल पुढे टाकील. नंबर सांगितला तर एकच टाकील.

4. फुलीच्या टाक्यात वरची तिरकी रेघ सगळीकडे एकाच दिशेने जायला हवी. मधे काम थांबवून कापड फिरवून घेतलंत की ती उलटते. जवळून कळत नाही, पण भिंतीवर लावल्यावर तिरप्या उजेडात तेवढाच चौकोन वेगळा चमकतो. पहिल्या दिवशी कापडाच्या वरच्या कडेला एक रंगीत दोरा बांधून ठेवला की प्रश्न मिटला.

5. उलट बाजूचा बाऊ कुठे करायचा आणि कुठे नाही.

हौशी बायकांत या एका मुद्द्यावर जेवढे वाद होतात तेवढे दुसऱ्या कशावर होत नसतील. स्पर्धेत परीक्षक बाई काम हातात घेतात ते आधी पालथं करतात, आणि उलट बाजू बघून ओठ मुडपतात. मला हे अर्धंच पटतं.

आमच्या आत्या धारवाडच्या. त्यांच्या हातची कसूती पाहिलेल्या माणसाला उलट बाजूचं महत्त्व पटवावं लागत नाही. कसूतीत कापडावर काही छापत नाहीत. धागे मोजत जायचं, आणि दोऱ्याला गाठ मारायची नाही. चार टाके असतात. गवंतीत धावदोऱ्याने पुढे जायचं आणि त्याच वाटेने परत येताना राहिलेल्या जागा भरायच्या, म्हणजे रेघ दोन्ही बाजूंनी अखंड दिसते. मुर्गी त्याच रीतीने पायऱ्या-पायऱ्यांनी जाते. नेगीत लांब-आखूड धावदोरे असे घालतात की नक्षी विणलेलीच वाटावी. मेंथी म्हणजे फुलीचा टाका, गोपुराचं किंवा हत्तीचं पोट भरायला. यातली गवंती आणि मुर्गी दोन्हीकडून सारखीच दिसतात. असं का केलं असेल, ते आत्यांना विचारायची गरज पडली नाही, इरकलीचा पदर पाहिला की कळतं. पदर खांद्यावरून मागे पडतो, डोक्यावर येतो, कमरेला खोचला जातो. त्याची कुठली बाजू केव्हा दिसेल याचा नेम नाही. हिमाचलातला चंब्याचा रुमाल नजराण्यांवर आणि पूजेच्या ताटांवर झाकायचा, हातात धरायचा. तोही दुहेरी भरीव टाक्याने दोन्ही बाजूंनी सारखा भरतात. म्हणजे दोन्ही बाजू दिसणार म्हणून दोन्ही सारख्या.

उलट पंजाबची फुलकारी बघा. ती भरतातच मुळी उलट बाजूने, धागे मोजत. सुलट बाजूला रेशमाचे लांब टाके येतात आणि उलट बाजूला बारीक ठिपक्यांसारखे. महाग रेशीम जिथे दिसणार नाही तिथे कशाला खर्च करायचं, हा रोखठोक हिशेब त्यात आहे. लखनौच्या चिकनकारीत झिरझिरीत मलमलीवर मागून मच्छी टाका घालतात आणि त्याची सावली पुढून दिसते. तिथे तर मागची बाजूच मुख्य.

तेव्हा काम पालथं करून नाक मुरडण्याआधी ते कुठे जाणार आहे ते विचारावं. पदर, रुमाल, दुपटं, टेबलक्लॉथची लोंबती कड यांची उलट बाजू दिसते, ती नेटकी हवीच. झबल्याची तर जास्तच, कारण तिथे गाठ बाळाच्या अंगाला टोचते. काचेमागे जाणाऱ्या कामाला मात्र दोन पथ्यं पुरतात. गाठी मारायच्या नाहीत, कारण ताणून बसवल्यावर त्या पुढून फोडासारख्या उठतात. आणि गडद दोरा रिकाम्या पांढऱ्या जागेमागून ओढत न्यायचा नाही, कारण त्याची सावली पुढे दिसते. यापलीकडे मागे कितीही जंगल असो, मी त्याला दोष मानत नाही. गुण कापणाऱ्या बाईंना काय वाटायचं ते वाटो.

6. कॅनव्हासवरची लोकर वाकडी होते, ती सरळ करावी लागते.

गोणपाटावर लोकरीने फुल्या भरून केलेली आसनं जुन्या घरांत अजून सापडतील. पाटाऐवजी जेवायला किंवा पूजेला बसायला ती घ्यायचे. ‘नीडलपॉइंट’ त्याच घराण्यातलं, पण त्यात कडक जाळीदार कॅनव्हास टाक्यांनी पुरता झाकायचा असतो, पार्श्वभूमीसकट. मुख्य टाका म्हणजे अर्धी फुली, एकच तिरकी रेघ. आणि गोम तिथेच आहे. हजारो टाके एकाच तिरप्या दिशेने कॅनव्हास ओढतात आणि चौकोनाचा पतंग होतो. ओळीने आडवं भरत गेलं तर जास्तच. कोपऱ्यातून तिरक्या ओळीने भरलं, तर मागे टोपलीसारखी वीण तयार होते आणि ओढ बरीच कमी पडते. लोकर थोडी जास्त लागते, पण बैठकीच्या कामाला ही जाड वीण फायद्याचीच.

एवढं करूनही काम थोडं तिरकं होतंच. मग ते ओलसर करायचं. एका पाटीवर चौकोन आखून कागद लावायचा, त्यावर काम पालथं ठेवून कडा आखलेल्या रेषेपर्यंत ओढायच्या आणि इंच-अर्ध्या इंचावर टाचण्या मारून पूर्ण वाळेपर्यंत तसंच ठेवायचं. टाचण्या न गंजणाऱ्या हव्यात. गंजाचा डाग लोकरीतून निघत नाही. पुण्यात उन्हाळ्यात हे काम पटकन वाळतं, कोकणात श्रावणात ते करायला घेऊच नये. फार वाकडं झालेलं काम पुन्हा एकदा ओलं करून ताणावं लागतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

पार्श्वभूमीची लोकर मात्र सगळी एकदमच घ्यावी. तोच नंबर, तीच कंपनी असली तरी रंगवलेल्या घाण्यागणिक छटा किंचित हलते, आणि सपाट जागेत ती रेघ डोळ्यांत भरते.

मोठं आसन किंवा पडदा डोळ्यांसमोर आला की धीर सुटतो. त्यावर उपाय चारशे वर्षांपूर्वीच सापडलेला आहे. स्कॉटलंडची राणी मेरी 1568 पासून 1587 पर्यंत इंग्लंडमध्ये कैदेत होती. त्या काळात तिने आणि बेस ऑफ हार्डविकने कॅनव्हासवर पशुपक्ष्यांचे आणि झाडापानांचे छोटे छोटे तुकडे भरले. पुढे ते हिरव्या मखमलीवर जोडून मोठे पडदे झाले आणि आज ते नॉरफोकमधल्या ऑक्सबरो हॉलमध्ये आहेत. कैदेतल्या बाईला मोठं कापड पसरायला मिळणार नव्हतं, आपल्याला दोन खोल्यांच्या घरात मिळत नाही. छोटे तुकडे भरावेत आणि मागाहून जोडावेत.

7. आखलेली रेघ जाईल याची खात्री आधी करून घ्यायची.

छापे मारून देणारे नक्षीच्या कागदाला बारीक भोकं पाडून त्यावरून रॉकेलमध्ये कालवलेली भुकटी फिरवतात. तो छाप धुण्यात जातो. घरच्या कार्बनचं तसं नाही. पिवळ्या कार्बनची रेघ फिकट दोऱ्याखालून वर्षानुवर्षं डोकावते. पाण्याने जाणारी निळी पेनं चांगली, पण रेघ गार पाण्याने पूर्ण जाईपर्यंत त्या कापडाला इस्त्री लावायची नाही. उष्णतेने ती रेघ पक्की बसते. याच्या बरोबर उलट्या स्वभावाची पेनं हल्ली मुलांच्या दप्तरात असतात, इस्त्री फिरवली की अदृश्य होणारी. बायका त्यांच्यावर खूश आहेत. पण ती शाई जात नाही, लपते. कडक थंडीत रेघ परत उगवू शकते. परदेशी थंड मुलखात राहणाऱ्या लेकीसाठी काही भरत असाल तर हे विशेष ध्यानात ठेवा.

8. रंग जाणार असं धरूनच धुवायचं.

पुरं झालेलं काम धुवावंच लागतं. महिनोन् महिने हात लागलेला असतो, रिंगचा गोल बसलेला असतो, हाताचं तेल कापडात मुरलेलं असतं. ते आज दिसत नाही, काही वर्षांनी पिवळं होऊन वर येतं. लाल, काळा आणि गडद निळा हे तीन रंग जास्त बेइमान. काम सुरू करण्याआधीच त्या लडीचा तुकडा ओल्या पांढऱ्या चिंधीत दाबून पाहावा.

धुण्याची रीत साधी आहे. गार पाणी, सौम्य साबण किंवा रिठ्याचं पाणी. चोळायचं नाही, पिळायचं नाही. टर्किश टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं. पाण्यात रंग उतरलेला दिसला की बायका घाबरून कापड बाहेर काढून वाळत टाकतात, आणि डाग तिथेच बसतो. कापड वाळू द्यायचंच नाही. भरपूर गार पाण्यात बुडवून ठेवायचं आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत बदलत राहायचं, रात्र गेली तरी चालेल. मीठ किंवा व्हिनेगर घालून रंग ‘बांधला जातो’ या सल्ल्यावर भिस्त ठेवू नका. आजच्या रंगांवर त्याचा भरवसा नाही. रेशीम आणि जर असलेलं काम मात्र घरी पाण्यात घालू नका.

9. इस्त्री उलट बाजूने, जाड टॉवेलवर पालथं ठेवून. सुलट बाजूने फिरवली तर गाठीचे टाके चपटे होतात आणि मग ते गाठीचे राहत नाहीत.

10. फ्रेमवाल्याच्या दुकानात उभं राहून करवून घ्या.

बहुतेक फ्रेमवाले फोटोंना सरावलेले असतात. भरतकाम दिलं की ते पुठ्ठ्याला डिंक फासून त्यावर कापड चिकटवतात आणि काच टेकवून ठोकून टाकतात. आमच्या ओळखीतल्या एका बाईंचं सुंदर राधाकृष्ण असंच गेलं. काही वर्षांत डिंक पिवळा होऊन पुढे उमटला. चिकटवलेलं असल्यामुळे काढून धुताही येईना.

सांगायचं ते हे. कापड आम्लरहित पुठ्ठ्यावर ताणायचं आणि मागे दोऱ्याने उभं-आडवं बांधून घ्यायचं. तेवढं घरी स्वतःच करून नेलं तर उत्तम. काच आणि टाके यांच्यात पोकळी हवी, त्यासाठी मधे जाड माउंट घालतात. काच टेकली तर दमट हवेत आत पाणी धरतं, बुरशी येते, आणि गाठीचे टाके चेंगरतात ते वेगळंच. ‘असं कुणी मागत नाही’ असं ऐकावं लागेल. आपण मागायचं.

भिंत निवडताना ऊन टाळायचं. संग्रहालयांत जुन्या कापडावर 50 लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत. तिथे शिरल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो तो त्यामुळेच. घरात एवढा काळोख करून कोणी राहत नाही, पण पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत आणि देवघरातल्या समईच्या काजळीची जागा एवढ्या दोन तरी सोडाव्यात.

11. पावसाळा हा भरतकामाचा खरा परीक्षक.

कपाटात ठेवायचं काम खळ घालून कडक करून ठेवू नये. खळ म्हणजे कसरीचं जेवण. प्लास्टिकच्या पिशवीत घालणं त्याहून वाईट, आतला दमटपणा आतच कोंडतो. धुतलेल्या जुन्या मऊ मलमलीत किंवा सुती धोतराच्या तुकड्यात गुंडाळावं. घडी घालण्यापेक्षा नळीवर गुंडाळलेलं बरं, सुलट बाजू बाहेर ठेवून. घडीच घालावी लागली तर दिवाळीच्या साफसफाईत उलगडून वेगळ्या रेषेवर मोडावी, नाहीतर घडीवरचे टाके आधी तुटतात. डांबराच्या गोळ्या ठेवल्या तर कापडाला थेट टेकू देऊ नयेत.

खरं सांगायचं तर वापरात असलेल्या कामाला यातलं काही करावं लागत नाही. आठवड्याला धुतला जाणारा ताटाचा रुमाल आणि माळ्यावरच्या पेटीत जपलेला टेबलक्लॉथ, दोन्ही एकाच वर्षीचे, एकाच हातचे माझ्यासमोर आहेत. रुमाल विरलाय, पण पांढरा आहे. टेबलक्लॉथ धड आहे आणि त्यावर तपकिरी ठिपके आहेत. मला रुमाल आवडतो.

12. नाव आणि साल घालावं.

आपल्याकडे बायका ‘सुस्वागतम्’ भरतात, ‘शुभ लाभ’ भरतात, स्वतःचं नाव भरत नाहीत. रुखवतातली ती कामं आज कुणाची म्हणून ओळखायची? मावशीची की मोठ्या आत्याची, यावर दोन बहिणींत अजून एकमत नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जेन बॉस्टॉक नावाच्या बाईने भरलेला टाक्यांचा नमुना आहे. तिने त्यावर नाव आणि 1598 हे साल भरलं. साल घातलेला तो सगळ्यात जुना ज्ञात ब्रिटिश नमुना मानला जातो. त्यावर तिने आणखी एक गोष्ट भरलीय, अ‍ॅलिस ली नावाच्या मुलीचा जन्म 1596 च्या नोव्हेंबरात झाला, तारीख, वार आणि दुपारच्या वेळेसकट. आपल्या बाळंतविड्याचीच ही चाल. बंगालच्या जुन्या कांथांवरही करणारीचं नाव दोऱ्यानेच लिहिलेलं सापडतं.

कोपऱ्यात, एका पदराने, देवनागरीत. आद्याक्षरं नकोत, पूर्ण नाव हवं. दुपट्यावर आणि कुंचीवर बाळाच्या जन्माचं सालही. लाज वाटत असेल तर उलट बाजूला घाला, पण घाला.

13. विकायचं मनात असेल तर आधी गुणाकार करा.

वरचीच 140 बाय 112 ची नक्षी घ्या. पूर्ण भरली तर 15,680 फुल्या, म्हणजे 31,360 तिरक्या रेघा. सरावलेली हौशी बाई तासाला सव्वाशे फुल्या घालते असं धरलं तर सुमारे सव्वाशे तास. तासाला नुसते 50 रुपये लावले तरी मजुरीच सव्वासहा हजारांच्या घरात जाते. कापड, दोरा, फ्रेम वेगळी. प्रदर्शनात येणारं गिऱ्हाईक हे ऐकून ‘मशीनचं हजारात मिळतं’ म्हणतं, आणि त्याचं काही चुकत नाही. चुकतो तो आपण सांगितलेला अडीच हजारांचा भाव. त्याने आपल्याला काही मिळत नाहीच, शिवाय पोटासाठी भरणाऱ्या बायकांचा दर आपण खाली ओढतो. हौशी माणसाने एकतर खरा भाव सांगावा किंवा फुकट द्यावं. मधला भाव सांगू नये.

14. दुसऱ्या बाईचं अर्धं राहिलेलं काम पुरं करावं, तिच्या टाक्यांना हात न लावता.

घरातली म्हातारी गेली की ट्रंकेत निघतं ते बहुतेक अर्धं काम असतं. सुई टोचलेली, लडी गुंडाळलेल्या. सुना-मुली ते ‘आठवण’ म्हणून तसंच ठेवतात. मला हे पटत नाही. सुई गंजून कापडाला भोक पाडते आणि आठवणीचीही चिंधी होते. पुढचं आपण भरावं. आपला हात वेगळा पडेल, टाका सैल किंवा घट्ट येईल, तो नंबर दुकानात मिळणार नाही. पडू दे वेगळा. तिचे टाके उसवून सगळं एकसारखं करायचा मोह मात्र टाळावा. जिथे हात बदलला तिथे मागच्या बाजूला दोघींची नावं घालावीत. अशी कामं आमच्या घरात आहेत आणि पाहुणे हमखास हात बदलला ती जागा शोधतात, बऱ्याचदा चुकीची दाखवतात.

तुमच्याकडे असं काही असेल तर पुरं करायचं की नाही ते सवडीने ठरवा. पण त्याची रिंग आणि सुई आजच काढा. लाकडी रिंगखालचा मळ आणि सुईचा गंज यांना मुदत देऊ नका.